करंगळीचा क

वाचकहो, आपल्या घरात पक्षाघाताने कोणाचा हात निकामी झाला असेल, तर त्या हाताबरोबर घरातून काय काय निघून जाते हे आपल्याला वेगळे सांगायला नको. चहाचा कप, साडीच्या निऱ्या, वेणी, गोळ्यांचे पाकीट फोडणे या गोष्टी लगेच डोळ्यांत भरतात आणि घरची माणसे त्यांवर काही ना काही तोड काढतात. साडीच्या जागी गाऊन येतो. बरणीचे झाकण सैल करून ठेवले जाते. पोळी आधीच कुस्करून ताटात येते. एक गोष्ट मात्र गेलेली लवकर ध्यानात येत नाही. स्वतःच्या हाताने, कोणाला न दाखवता, चार ओळी लिहिण्याची सोय ही ती गोष्ट. आमच्या घरातून ती गेली आहे हे मला तब्बल सात महिने कळले नव्हते. या लेखात मी एका घरगुती यंत्राची हकिकत सांगणार आहे, पण तिचा उगम त्या सात महिन्यांत आहे.

मी तारखात्यातला माणूस. १९७६ साली नोकरीस लागलो तेव्हा मोर्सची कडकट्ट अजून जिवंत होती. पुढे टेलिप्रिंटर आले, संगणक आले, मी निवृत्त झालो आणि २०१३च्या जुलैत तारसेवाच बंद झाली. पत्नी माध्यमिक शाळेत मराठी शिकवीत असे. मिरजेतल्या आमच्या घरी तिचे दोन छंद होते. एक, विद्यार्थ्यांच्या लग्नपत्रिकांतील शुद्धलेखनाच्या चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त करून त्या कपाटात ठेवणे. दुसरा, बडोद्याच्या थोरल्या बहिणीला दर पंधरा दिवसांनी पत्र लिहिणे. फोन आला, मोबाइल आला, तरी ते पत्र चुकले नाही.

२०२२च्या जानेवारीत एका सकाळी तिच्या उजव्या हातातून पाण्याचा तांब्या सुटला. तोंड किंचित वाकडे झाले. सुदैवाने मी वेळ दवडला नाही. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकून झालेल्या पक्षाघातात ती विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आम्ही दीड तासात रुग्णालयात होतो. मार बसला होता तो मेंदूच्या डाव्या बाजूला खोलवर, हालचालींचे तंतू एकत्र येऊन खाली उतरतात त्या जागी. भाषेची केंद्रे बचावली. वाचा शाबूत राहिली, बुद्धी तल्लख राहिली. पायही काठीच्या आधाराने चालू लागला. उजवा हात मात्र खांद्यातून हलतो, कोपरात वाकतो आणि बोटांपाशी येऊन थांबतो. मूठ मिटते, पण मनात आणून उघडता येत नाही.

बडोद्याचे पत्र चुकू नये म्हणून मी लेखनिक झालो. ती खुर्चीवर बसून सांगे, मी समोर बसून लिही. नोकरीभर लोकांचे निरोप अक्षराला अक्षर लावून पोहोचवणारा मी, घरच्या निरोपात मात्र हात मारू लागलो. ती म्हणे, “अक्का, मला फार कंटाळा आला आहे गं.” मी लिही, “प्रकृतीत हळूहळू सुधारणा आहे.” वाटे, थोरल्या बहिणीला कशाला काळजी लावावी? मे महिन्यानंतर तिचे सांगणे आखडत गेले. “तुम्हीच लिहा काहीतरी,” असे म्हणू लागली. जुलैत पत्र बंद पडले.

पक्षाघातानंतर अनेक रुग्णांना उदासीनता येते आणि तिच्यावर उपचार असतात, हे मी वाचले होते. म्हणून डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी झोप, भूक, रडू येणे, सारे विचारले, गोळी सुरू केली आणि तिचा उपयोगही झाला. परंतु त्या दिवशी परतताना रिक्षात ती जे बोलली ते कोणत्याही गोळीने भागणारे नव्हते. “तुम्ही लिहिता ते माझं नसतं. आणि तुमच्यासमोर सांगता येत नाही असंही काही असतं माणसाच्या मनात. तुम्ही रागवू नका.”

मी रागावलो नाही असे म्हणणार नाही. दोन दिवस घुश्शात होतो. दिवसरात्र शुश्रूषा करणाऱ्या माणसाला असे काही ऐकवले की कसे लागते, हे आपल्यापैकी ज्यांच्या वाट्याला हे काम आले आहे त्यांना ठाऊक असेल. तिसऱ्या दिवशी मात्र मी मुकाट्याने टेबलाचा खण आवरायला घेतला. माझी विचार करण्याची ती रीत आहे.

सोपे मार्ग आम्ही आधी चोखाळले. आपणही तेच आधी करावे. डाव्या हाताने लिहिण्याचा सराव अनेकांना साधतो. हिलाही ओळखू येईल इतपत साधला, पण ज्या बाईने आयुष्यभर फळ्यावर मोत्याच्या दाण्यांसारखे अक्षर काढले तिला स्वतःचे वेडेवाकडे अक्षर पाहवेना. मोबाइलवर बोलून मराठी मजकूर उमटवण्याची सोय आता चांगली आहे. ज्यांच्या उच्चारात दोष राहिलेला नाही त्यांनी ती जरूर वापरावी. हिने चार दिवस वापरली आणि म्हणाली, “हे लिहिणं नव्हे. हे साऱ्या घराला ऐकवून सांगणं.” आमचे घर दोन खोल्यांचे, भिंती पातळ. तिसरा मार्ग साध्या कीबोर्डचा. एका हाताने काम करणाऱ्यांसाठी संगणकात ‘स्टिकी कीज’ नावाची सोय असते. शिफ्टची कळ पाच वेळा दाबली की ती सुरू करायची का असे विंडोज विचारते. मग शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही, आधी ती आणि नंतर अक्षराची कळ दाबली तरी चालते. पुष्कळांचे काम एवढ्यावर भागते. आमचे भागले नाही. डावा हात कीबोर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरे, नजर कळांवरून पडद्यावर आणि पडद्यावरून कळांवर, मान सारखी खालीवर. दहा मिनिटांत मान अवघडे आणि वाक्य मध्येच हरवे.

नात पुण्याला अभियांत्रिकी शिकते. दिवाळीच्या सुटीत आली तेव्हा तिने मला एक जुने चित्रीकरण दाखवले. ९ डिसेंबर १९६८ या दिवशी डग्लस एंगेलबार्ट या अमेरिकन अभियंत्याने सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या सभेत संगणकाचे एक प्रात्यक्षिक केले. आज घरोघरी दिसणारा माउस त्या दिवशी प्रथमच लोकांपुढे आला, म्हणून ती सभा गाजली. नात म्हणाली, “आबा, उजव्या हाताकडे सगळे बघतात. तुम्ही डाव्या हाताकडे बघा.” त्याच्या डाव्या हाताखाली पेटीच्या सुरांसारख्या पाच लांबट पट्ट्या होत्या. हात जागचा हलत नव्हता. एक पट्टी दाबली की एक अक्षर, दोन एकदम दाबल्या की दुसरे, तीन दाबल्या की तिसरे. पाच बोटे, प्रत्येक एकतर खाली किंवा वर. सगळी वर असण्याचा प्रकार सोडला तर एकतीस जुळण्या होतात, आणि इंग्रजीची मुळाक्षरे आहेत सव्वीस. माउस जगभर पसरला, त्या पाच पट्ट्या मागे राहिल्या. कारण उघड आहे. माउस पाहताक्षणी वापरता येतो. या पट्ट्या शिकाव्या लागतात, आणि दोन्ही हात धड असलेल्या माणसाला ते कष्ट कोण सांगितले?

यात नवे असे काही नव्हतेच म्हणा. ब्रेल लिपीत सहा टिंबांच्या त्रेसष्ट जुळण्या असतात आणि ब्रेलच्या टंकयंत्रावर सहा कळा एकदम दाबूनच अक्षर उठवतात. पुढे इंग्लंडमध्ये साय एन्डफील्ड नावाच्या चित्रपट दिग्दर्शकाने, जो हातचलाखीचे जादूचे प्रयोगही करीत असे, एका सहकाऱ्याच्या साथीने ‘मायक्रोरायटर’ हे एका हाताचे लेखनयंत्र काढले. १९८०च्या दशकात ते विकलेही जात होते. त्याला सहा कळा होत्या. मला मात्र आठवण झाली ती माझ्या मोर्सच्या कळीची. तिथे कळ एकच आणि सारा खेळ काळाचा, आखूड दाब, लांब दाब. इथे काळाला महत्त्व नाही, कोणकोणती बोटे पडली एवढेच पाहायचे. थरथरणाऱ्या, मंदावलेल्या हाताला हे अधिक मानवेल, असे माझ्या मनाने घेतले.

आता यंत्र बांधण्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण आपल्यापैकी कोणाला करून पाहावेसे वाटले तर माझ्या चुका आपल्याला नकोत.

पहिली चूक बोर्डाची. बाजारात मिळणारा छोटा, स्वस्त सर्किट बोर्ड मी आणला, पाच बटणे जोडली, प्रोग्रॅम घातला आणि संगणक काही दाद देईना. संगणकाला स्वतःची ओळख ‘मी कीबोर्ड आहे’ अशी करून देण्याची क्षमता सगळ्याच बोर्डांत नसते. एटीमेगा ३२यू४ ही चिप ज्यावर बसवलेली असते त्या बोर्डात ती असते. ‘प्रो मायक्रो’ या नावाने तो मिळतो, आकाराने अंगठ्याएवढा. त्यानंतरची जोडणी अगदी सोपी. प्रत्येक बटणाची एक तार बोर्डावरच्या स्वतंत्र पायाला, दुसरी तार सगळ्यांची मिळून ग्राउंडला. वेगळे रेझिस्टर लागत नाहीत, ते चिपच्या आतच असतात आणि प्रोग्रॅममधून चालू करता येतात. सारा खर्च दीड हजाराच्या आत आटोपला. संगणकाच्या बाजूने काहीच बदलावे लागले नाही. विंडोजमधील मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडला की झाले. आमचे यंत्र नेहमीच्या कळांचेच संकेत पाठवते, आणि त्यांची देवनागरी विंडोज करते.

दुसरी चूक हाताची. मी कळांच्या जागा माझा पंजा टेबलावर ठेवून आखल्या. तिची बोटे माझ्यापेक्षा आखूड, सांधे किंचित सुजलेले. दोन मिनिटांत तिने हात काढून घेतला. मग गणपतीच्या वेळचा उरलेला शाडूचा गोळा भिजवला, चांगला मळला आणि तिला म्हटले, “यावर हात सहज ठेव. ताणू नकोस. झोपेत असतो तसा.” तिने ठेवला. चार बोटांच्या टोकांचे चार खळगे उमटले, ते सरळ रेषेत नव्हते. मधले बोट सर्वांत पुढे आणि करंगळी इतकी मागे की मी थक्क झालो. अंगठा तर खाली दाबलाच जात नव्हता, तो आडवा सरकत होता. तंतुवाद्ये घडवणाऱ्या गल्लीतील एका कारागिराने तो साचा पाहून सतारीच्या कामातून उरलेल्या लाकडाचा तुकडा तसाच कोरून दिला. पैसे घ्यायला तयार होईना. “बाईंनी माझ्या पोराला मराठीत पास केलंय,” म्हणाला. तळाला मी रबराचा तुकडा चिकटवला, कारण यंत्र सरकले तर धरून ठेवायला दुसरा हात नाही, ही गोष्ट दोन हातांच्या माणसाच्या सहजी लक्षात येत नाही.

तिसरी चूक बटणांची. मी वापरलेली छोटी पुश-बटणे दाबायला कडक होती. मला ते जाणवले नाही, तिच्या करंगळीला संध्याकाळपर्यंत ठणका लागला. ती काढून चांगल्या संगणकी कीबोर्डात असतात तसली, साधारण ४५ ग्रॅम भाराने दबणारी बटणे बसवली.

प्रोग्रॅम नातीने आणि मी मिळून लिहिला. त्यातील एकच बारकावा सांगण्याजोगा आहे. दोन बोटे ‘एकदम’ दाबली असे आपण म्हणतो, पण ती कधीच एकदम पडत नाहीत, एक पुढे, एक मागे. यंत्राने पहिल्या बोटाबरोबरच अक्षर उमटवले तर घोटाळाच घोटाळा. म्हणून आमचे यंत्र बोटे पडताना गप्प राहते. कोणकोणती पडली ते नुसते टिपून ठेवते, आणि सगळी बोटे उचलली गेली की मगच अक्षर पाठवते. बोट टेकवून कितीही वेळ विचार करत बसले तरी चालते. ‘थांबा, चुकलं, आणखी एक बोट हवं होतं’ याला सवड मिळते. सावकाश माणसाची ही सोय पाहून मला आमच्या खात्यातील एक जुने तारमास्तर आठवले, जे पूर्ण निरोप कानाने ऐकून घेत आणि मगच पेन उचलीत.

खरी अडचण पुढेच होती. एकतीस जुळण्यांत इंग्रजी बसते, मराठी बसत नाही. व्यंजने, मात्रा, स्वर, जोडाक्षरे, विरामचिन्हे. मी अंगठ्यासाठी एकाऐवजी तीन कळा केल्या, जवळची, मधली आणि दूरची. चार बोटांच्या पंधरा जुळण्या. अंगठा नसताना पंधरा आणि प्रत्येक अंगठाकळीबरोबर पंधरा, म्हणजे साठ, आणि नुसत्या अंगठ्याच्या तीन. एकूण त्रेसष्ट. ब्रेलइतक्याच. मग वृत्तपत्रातील अक्षरे मोजून कोणते अक्षर अधिक वेळा येते त्याची यादी केली आणि मोठ्या अभिमानाने तक्ता तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचला, चष्मा काढला आणि विद्यार्थ्याची वही परत करावी तसा माझ्याकडे सरकवला.

“हा तक्ता पाठ कोण करणार? क इथे, ख तिथे, ग तिसरीकडेच. वर्णमाला विसरलात का? क आणि ख यांत फरक कसला? हकाराचा. मग ख म्हणजे क अधिक अंगठा.”

वाचकहो, त्या क्षणी ते यंत्र माझे राहिले नाही, तिचे झाले. महाप्राण म्हणजे अंगठा, हा तिचा नियम. क, ग, च, ज, ट, ड, त, द, प, ब ही दहा व्यंजने नुसत्या बोटांनी. त्याच बोटांबरोबर अंगठ्याची जवळची कळ आली की ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ. दहा जुळण्या शिकल्या की वीस अक्षरे हाती. उरलेल्या पाच जुळण्यांत न, ल, स, र, म. आणि अंगठ्यासह न चा ण, ल चा ळ, स चा श. र आणि म यांच्या जोडीला ह आणि व बसवावे लागले. तिला ते शास्त्रशुद्ध वाटले नाही, पण तिने खपवून घेतले. एकेका बोटाची अक्षरे तिने निवडली ती ऐकून मी हात टेकले. तर्जनीचा त, मध्यमेचा म, अनामिकेचा न, करंगळीचा क. हे पाठ करावे लागतच नाही.

माणसाच्या अनामिकेला स्वतंत्र बाणा कमी. तिचे स्नायुबंध शेजारच्या बोटांशी जोडलेले असल्याने मधले बोट वर ठेवून तर्जनी आणि अनामिका तेवढी दाबणे जड जाते. ही जुळणी कोणाला द्यावी यावर मी खल करत होतो. ती म्हणाली, “ड आणि ढ ला द्या. ढ ला शेवटच्या बाकाची सवय आहे.” सात-आठ महिन्यांत ती प्रथमच शाळेतल्यासारखी बोलली.

मात्रा अंगठ्याच्या मधल्या कळीबरोबर. काना, वेलांट्या, उकार, मात्रा, अनुस्वार, विसर्ग, ऋकाराची खूण आणि पाय मोडण्याची खूण, अशा तेरा. दोन जागा उरल्या त्या य आणि ष यांना. दूरच्या कळीबरोबर अ पासून औ पर्यंतचे स्वर, चार विरामचिन्हे, आणि एक जागा ज्ञ साठी. ती मी विसरलोच होतो. “ज्ञानेश्वरांना काय तोंड दाखवणार होतात?” असा प्रश्न आला. नुसत्या अंगठ्याने जवळची कळ दाबली की दोन शब्दांतील मोकळी जागा, मधली दाबली की मागचे अक्षर पुसले जाते, दूरची दाबली की अंक, नवी ओळ आणि किरकोळ खुणांचा दुसरा तक्ता उघडतो. सारे चपखल बसले असे वाटते न वाटते तोच ती म्हणाली, “डॉक्टर कसं लिहू?” अर्धचंद्राचा काना राहिला होता. आणि आमच्या घरी तर रोज दोनदा डॉक्टर लागतात. जागा एकही शिल्लक नव्हती. तिने क्षणभर विचार केला. “विसर्ग काढून दुसऱ्या तक्त्यात टाका. तो मला दुःखापुरताच लागतो. तेवढ्यासाठी एक कळ जास्त दाबीन.”

शिकण्याचे दिवस मात्र गोड नव्हते. पहिल्या दिवशी चार बोटांची चारच अक्षरे. त्यांतून तिने दोन शब्द लिहिले, ‘मन’ आणि ‘मत’. नंतरचा आठवडा नुसत्या चुकांचा गेला. दोनदा तिने यंत्र बाजूला सारले. एकदा मी मदत करायला तिचे बोट धरून कळीवर ठेवले, तेव्हा तिने इतक्या थंडपणे माझ्याकडे पाहिले की त्यानंतर मी स्वयंपाकघरात जाऊन बसण्याचा नियम केला. तिसऱ्या आठवड्यात तक्त्याकडे न पाहता हात चालू लागला. तीन महिन्यांनी मिनिटाला नऊ-दहा शब्द. तरुणांना हा वेग हास्यास्पद वाटेल. माझ्या मते पत्र लिहायला पुरतो.

आरोग्याच्या दृष्टीने दोन गोष्टी येथे सांगितल्याच पाहिजेत. आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंना मी यंत्र कौतुकाने दाखवले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आनंदाबरोबर काळजीही दिसली. धडधाकट हाताने सगळी कामे उरकू लागली की अधू हात वापरण्याची मेंदूची सवय सुटत जाते आणि जी थोडी हालचाल शक्य असते तीही माणूस करेनासा होतो. म्हणून त्यांनी अट घातली, आधी उजवा, मग डावा. उजव्या हाताचे व्यायाम पुरे झाल्याशिवाय यंत्र टेबलावर यायचे नाही. आणि लिहिताना उजवा हात मांडीवर लोंबकळत ठेवायचा नाही. तो टेबलावर, घडी केलेल्या टॉवेलवर, डोळ्यांसमोर असला पाहिजे. खांद्याला आधार मिळतो आणि हाताचा विसर पडत नाही.

दुसरी गोष्ट त्या एकट्या चांगल्या हाताची. पक्षाघातानंतर तो दोघांचे काम करत असतो, वर काठीही त्याच्याच मुठीत. दुसऱ्या महिन्यात तिच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले. उतारवयात, विशेषतः स्त्रियांत, हा सांधा झिजलेला असणे नेहमीचे आहे, आणि मी तर निम्म्याहून अधिक अक्षरांचा भार त्याच्यावर टाकला होता. कळा अर्ध्या बोटाने खाली उतरवल्या, अंगठा आडवा सरकला तरी दबतील अशा तिरक्या बसवल्या, आणि पंधरा मिनिटांचा गजर लावला. गजर झाला की हात उचलायचा, वाक्य अर्धे असले तरी. हे ती पाळत नाही. पण निदान गजर बंद करायला हात उचलावा लागतो.

पहिले पत्र तिने फेब्रुवारीत पुरे केले. प्रिंटरमधून कागद पालथा बाहेर येतो, ही त्या यंत्राची चांगली खोड मला तेव्हा समजली. तिने एका हाताने, टेबलाच्या कडेला दाबून, त्याची घडी घातली. पाकिटात सरकवताना दोनदा सुटला. मी खुर्चीच्या हाताला घट्ट धरून बसलो होतो. पाकीट चिकटवून तिने माझ्यापुढे केले. “पत्ता तेवढा घाला. तुमचं अक्षर पोस्टमनला कळतं.”

आठवड्याने बडोद्याहून अक्कांचा फोन आला. “पत्र आलं तिचं. तुम्ही वाचलंत का?”

“नाही.”

“बरं केलंत,” असे म्हणून त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग बडोद्याच्या उन्हाविषयी बोलत राहिल्या.

आता दुपारी चहाच्या आधी ती आतल्या खोलीत बसते. पत्राशिवाय आणखीही काही लिहिते, काय ते मला ठाऊक नाही. संगणकाला तिने नातीकडून पासवर्ड घालून घेतला आहे. बाहेर बसून मला बटणांचा आवाज ऐकू येतो. उमेदीच्या काळात मी शेजारच्या खोलीतील कडकट्ट नुसती कानावर पडली तरी निरोप वाचू शकत असे, न वाचण्याचा प्रयत्न करूनही. या यंत्राचे तसे नाही. एक बोट पडो की चार, आवाज सारखाच येतो. टक. मग टक. ख काय आणि न काय.

काल दुपारी आतून हाक आली. “अहो, करंगळीचं बटण अडकतंय. क उमटत नाही.” मी पेचकस घेऊन आत गेलो. माझी चाहूल लागताच तिने लॅपटॉपचे झाकण अर्धे खाली केले. मी यंत्र उलटे करून पाहिले. बटणाच्या खाचेत खाकऱ्याचा कण अडकला होता. ब्रशने तो काढला, दोनदा दाबून पाहिले, यंत्र तिच्या हाताखाली सरकवले आणि बाहेर येताना दार ओढून घेतले.